कॅप्टनला शिंक आली

"कप्तानाची पेटी मी शोधणार! मध्ये कुणी लुडबुड करायची नाही!" असं ओरडत काका खोलीत शिरले आणि मागचं दार बंद व्हायच्या आत टेबलाखाली घुसलेसुद्धा.

बिट्टीनं कपाळावर हात मारून घेतला. सुट्टीतला हा बेत मुळात मुलांचा होता. बुडत्या जहाजाच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची आणि तासाभरात सुटायचं! बिट्टी, तिचा धाकटा भाऊ गुंडू आणि काकांचा मुलगा लंबू, तिघांनी त्यासाठी घरात नुसती भुणभुण लावली होती. पण बाहेरच्या भिंतीवर सगळ्यांत लवकर सुटलेल्या कुटुंबांचे फोटो दिसले मात्र, काकांच्या अंगात वारंच शिरलं.

खेळ चालवणाऱ्या माणसाला सगळ्यांनी 'कॅप्टन' म्हणायचं होतं. त्यानं दारातच बजावलं होतं, "नांगराचं चित्र असलेल्या वस्तूच खेळातल्या. बाकी कशालाही हात लावू नका. अडलात तर मला हाक मारा, मी स्पीकरवरून मदत करीन. फारच घाबरलात तर हे लाल बटण दाबा. दार उघडेल, पण खेळ संपेल!"

मुलं कान टवकारून ऐकत होती. काका फोटो बघत होते.

आत गोल खिडक्या, मोठं सुकाणू आणि भिंतीवर मासेमारीचं जाळं होतं. आईनं एका पेटीचं आकडेवालं कुलूप मांडीवर घेतलं. आजोबा कप्तानाच्या खुर्चीत बसले, "मी इथून लक्ष ठेवतो," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

एवढ्यात काका जाळ्यामागून विजयी मुद्रेनं बाहेर आले. त्यांच्या हातात पितळी मूठ होती.

"नाण्यानं स्क्रू काढले! शेवटच्या दाराची किल्ली हीच असणार!"

"पण काका, हिच्यावर नांगर कुठाय?" बिट्टीनं विचारलं.

"अगं, खरी गुप्त वस्तू पाटी लावून बसते का?" काकांनी मूठ खिशात टाकली.

थोड्याच वेळात सगळे अडले. "कॅप्टन, मदत!" लंबूनं हाक मारली. स्पीकर गप्प. पुन्हा हाक मारली. तरी गप्प! आणि मग भिंतीतून आवाज आला. ठक ठक! ठक ठक ठक!

"मोजा, मोजा!" काका उड्याच मारायला लागले. "दोन, तीन... वहिनी, लावा आकडे!"

आईनं आकडे लावले. कुलूप ढिम्म. पुन्हा ठकठक झाली. काकांनी बेरीज केली, गुणाकार केला, मग आकडे उलटे करून पाहिले. आणि तेवढ्यात भिंत शिंकली!

"आक् छी!"

मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

"जहाजाला सर्दी झालीय?" गुंडूनं विचारलं.

बिट्टीनं जाळं बाजूला केलं आणि भिंतीला कान लावला. "कोण आहे?"

"मी! कॅप्टन!" आतून दबका आवाज आला. "अडकलोय! दार उघडा हो!"

"वा! काय अभिनय करतोय!" काकांनी टाळ्या वाजवल्या. "पैसे वसूल!"

"बाबा, तो खरंच अडकलाय!" लंबू म्हणाला.

"तेच तर कोडं आहे रे, बाळा!"

बिट्टी लाल बटणाकडे धावली, पण काका आधीच त्याला पाठ लावून उभे राहिले. "खबरदार! खेळ संपेल!"

"आई, तू तरी सांग ना यांना!"

"थांब गं जरा, माझे दोन आकडे जुळलेत!"

आतून पुन्हा आवाज आला. "फार उकडतंय हो..." या वेळी तो अगदी केविलवाणा होता. बिट्टीनं जाळ्यामागची भिंत चाचपली. लाकडी फळीत अरुंद दार होतं. त्यावर चौकोनी भोक आणि बाजूला स्क्रूची रिकामी भोकं. मूठ कुठे गेली, हे सांगायला कुणी नकोच होतं!

"काकांकडून मागून घेऊया," गुंडू कुजबुजला.

"देणार नाहीत," लंबू म्हणाला. "बाबा आज स्वतःचा चष्मासुद्धा पुरावा म्हणून जपतील."

बिट्टीनं क्षणभर विचार केला. काकांना सगळाच खेळ वाटतोय ना? मग खेळच सही! तिनं एकदम किंकाळी फोडली.

"सापडलं! शेवटचं गुप्त दार सापडलं! पण किल्ली कुणाकडेच नाही. हरलो आपण!"

"माझ्याकडे आहे! सरका!" काका बाणासारखे आले. त्यांनी भोकात मूठ बसवली, जोर लावून फिरवली आणि दार खाडकन उघडलं.

घामानं थबथबलेला, धुळीनं माखलेला कॅप्टन थेट काकांच्या अंगावर कोसळला. त्याच्या हातात जळका दिवा होता.

"अभिनंदन!" काका ओरडले. "सुटलो ना आम्ही?"

"तुम्ही नाही हो, मी सुटलो!" कॅप्टन धापा टाकत म्हणाला.

आईनं घाईनं पाण्याची बाटली पुढे केली. चार घोट पोटात गेल्यावर त्यानं सांगितलं. दिवा बदलायला तो भिंतीमागच्या बोळात शिरला होता. पलीकडचं दार आतून उघडत नाही, म्हणून तो नेहमी याच दारानं बाहेर पडायचा. आज बघतो तर आतली मूठ नुसतीच गरागरा फिरत होती आणि फोन बाहेर टेबलावर राहिला होता. "पलीकडचं दार मी कधीच दुरुस्त करायला हवं होतं. चूक माझीही आहे," तो म्हणाला.

काकांचा चेहरा पार उतरला. "मूठ मी काढली. आणि तुम्ही ओरडत होतात, तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो!" त्यांनी हात जोडले. "माफ करा. बिट्टी, तू ऐकलंस आणि आम्ही नुसते मोजत बसलो."

आजोबा जागे झाले होते. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. "शाबास रे पोरांनो! घरात अक्कल कुणाकडे आहे, ते आज कळलं."

काकांनी टॉर्च धरला, कॅप्टननं मूठ पक्की बसवली, आणि मग त्यानं सगळ्यांना पुन्हा एकदा फुकट खेळायला सांगितलं. "पण या वेळी आत मोठी माणसंच जातील. मुलं माझ्याबरोबर!"

बाहेरच्या खोलीत पडद्यावर सारं जहाज दिसत होतं. कॅप्टननं माइक बिट्टीच्या हातात दिला. पडद्यावरचे काका खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वर बघून अगदी नम्रपणे विचारलं, "कॅप्टन बिट्टी, सुरुवात कुठून करू?"

गुंडू आणि लंबू हसून हसून खुर्चीवरून घसरले. बिट्टीनं घसा खाकरला.

"आधी आजोबांना उठवा!"