जबड्यातल्या रेघा

यंत्राचा अर्धगोल हात हौसाक्काच्या डोक्याभोवती एकदा फिरून आला आणि आपल्या जागी जाऊन थांबला. टोचलं नाही, खरचटलं नाही, आवाजही नाही. हौसाक्काला ते आवडलं नाही. गपचूप काम करणाऱ्यावर तिचा कधीच भरवसा बसला नव्हता. सून वैजयंता हिच्याबद्दलही तिची तीच तक्रार होती.

मिरजेच्या या प्रयोगशाळेत ती आली होती, ती मूत्रपिंड द्यायला. मुतखड्यांकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेला तिचा मुलगा संताजी शेजारच्या इमारतीत रक्त गाळून घेत पडला होता. वैजयंताचा रक्तगट जुळत होता, ती कधीचीच पुढे झाली होती. पण हौसाक्कानं ठणकावून सांगितलं, "माझ्या लेकाच्या पोटात परक्या घरचं काय बी जायाचं न्हाई. जन्म मी दिलाय, ह्ये बी मीच देईन." त्यावर वैजयंता एवढंच म्हणत राहिली, "आत्याबाई, तुमचं नको." हा उर्मटपणा हौसाक्का विसरणार नव्हती.

"रक्त तपासलं न्हवं तुमी? साकर न्हाई म्हणालात. मग आता थोबाड कशाला बघताय?"

अस्थितज्ज्ञ डॉ. नाजनीन मुजावर हसल्या. "आजी, रक्ताची आठवण तीन महिन्यांची. आम्हाला तुमची मागची पंचवीस वर्षं हवीत. ती हाडाला आठवतात."

"मलाही नीट समजावून सांगा," मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. उपाध्ये म्हणाले. "सही मला करायची आहे."

"साखर चढलेली राहिली की हिरड्या आतून सुजतात आणि दातांची मुळं धरून ठेवणारं हाड काठापासून झिजत जातं. साखर आटोक्यात आली की झीज थांबते, काठ घट्ट होतो, तिथे बारीक रेघ उरते. हा अस्थिकालदर्शक त्या रेघा शोधतो आणि प्रत्येकीचं वय काढतो."

"टाकीतलं पाणी उतरल्यावर भितीवर रेघा ऱ्हात्यात, तसं," हौसाक्का म्हणाली. "एवढं सांगाया इतकं शिकलीस व्हय? मग माझी भित कोरीच असंल. हिरडीतनं कधी रगताचा थेंब आला न्हाई. रोज मिश्री लावते. आन् पहाटे मेथीचं पाणी, कडू जहर, गुडघ्यासाठी. तेवढं करून द्यायचं एक काम ही दारातली बया नेमानं करती."

पडद्यावर जबडा उमटला. दोघंही तज्ज्ञ पुढे झुकले. दाढांभोवतीचं हाड निम्म्यावर आलं होतं.

"मिश्रीनं?" उपाध्यांनी हळूच विचारलं.

"थोडं तिनं. मिश्रीत तंबाखू, तिनं शिरा आकसतात, म्हणून रक्त आलं नाही आणि आजार झाकून राहिला. पण मिश्रीची झीज बोट जास्त घासतं तिकडे, ही उजवीकडची. बाकीची सगळ्या दातांभोवती सारखी आहे. ती साखरेची. भरपूर साखर, बरीच वर्षं."

"खोटं बोलतंय तुजं यंत्र!"

"पुढे बघा, सर. ही घट्ट रेघ बारा वर्षांपूर्वीची. त्यानंतर सगळीकडची झीज थांबली. उजवीकडची मात्र चालूच आहे. म्हणजे मिश्री सुटली नाही, साखर तेवढी उतरली."

"अशी आपोआप नाही उतरत. आजी, गोळ्या कोणत्या घेता?"

"गोळी? गावच्या डाक्टरानं लिवून दिलं हुतं मागं. कागद त्याच्याच तोंडावर फेकून आले. साकर म्हणं मला! तवापासून मी फकस्त मेथी..."



"मेथीनं एवढं होत नाही," उपाध्ये म्हणाले. "त्यात आणखी काहीतरी होतं."

हौसाक्कानं मान वळवली. वैजयंता दाराशी उभी होती, नेहमीसारखी खाली बघत.

"तो कागद मी उचलला होता," ती म्हणाली. "गोळी कुटून घालत होते. कडूत कडू कळत नाही. डॉक्टरांना विचारूनच करत होते, गुडघ्याच्या नावानं तुमचं रक्तही तपासून घेत होते. सांगितलं असतं तर पेला माझ्या अंगावर ओतला असता तुम्ही."

"वतला असता," हौसाक्कानं कबूल केलं.

"आज यंत्र बोललं नसतं तर मी बोलणार होते."

उपाध्यांनी पेन खिशाला लावलं. "आजी, तुमचं मूत्रपिंड आम्हाला घेता येणार नाही. इतकी वर्षं साखर सोसलेलं ते. उद्या एकावर तुमचंच भागणार नाही."

हौसाक्कानं पडद्यावरची ती रेघ बघितली. लेकाच्या पोटात परक्या घरचं नको म्हणून ती अख्ख्या भावकीशी भांडली होती. तिच्या स्वतःच्या पोटात ते बारा वर्षं रोज पहाटे जात होतं, आणि त्याच्याच जोरावर ती भांडत होती.

ती खुर्चीवरून उतरली. पदरानं बैठक पुसली.

"बस हितं."

"आत्याबाई..."

"बस म्हणते न्हवं! आन् तोंड उघड. बारा वर्सं मिटून बसलीस तेवढी पुरं."

अर्धगोल हात वैजयंताच्या डोक्याभोवती फिरला. मुजावरांनी पडद्यावर बोट फिरवलं, एकेका दाताभोवती. हाडाचा काठ भरीव होता, रेघ एकही नव्हती. त्यांनी उपाध्यांकडे बघून मान डोलावली. उपाध्यांनी पेन पुन्हा बाहेर काढलं.

हौसाक्का तोवर दारापर्यंत पोचली होती. संताजीला तिला स्वतः सांगायचं होतं.

"आन् उद्यापासनं गोळी हातावर ठेवायची," ती मागं न बघता म्हणाली. "मेथी मला कधीच आवडली न्हाई."