सात चादरी

मोठीला कशाचीच किळस येत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात ती बावीस वर्षं मुकादम होती. रोज सकाळी वॉर्डांतून चादरींची गाठोडी उतरायची आणि ती नुसती चादर झटकून सांगायची, हा माणूस तापानं फणफणत होता, याची जखम पहाटे उघडली, ही बाई कुशीवर वळून रडत होती. कामाला नवी लागलेली एखादी नाक दाबून उभी राहिली, की मोठी तिच्या हातात गाठोडं द्यायची आणि म्हणायची, "माणसाचंच आहे ना? धुतलं की जातं."

तिची धाकटी बहीण याच्या अगदी उलट. एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायची. टोकदार पेन्सिल, स्वच्छ नखं, टेबलावर धुळीचा कण खपायचा नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून मोठीनंच तिला वाढवलेलं. दोन महिन्यांपूर्वी धाकटीनं शहराच्या जुन्या वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मोठा चौक तिथून चालत दहा मिनिटांवर, पण वस्तीत शिरलं की जंगलात आल्यासारखं. दीडशे वर्षांची घरं आणि त्यांच्याहून जुनी झाडं. फांदी तोडायची तरी नगरपालिकेची परवानगी लागायची. "नशीब काढलंस," असं कचेरीतले सगळे तिला म्हणाले होते.

एका बुधवारी तिचा फोन आला.

"ताई, रविवारी येशील? ते पडदे शिवून झाले असतील तर घेऊन ये. आणि... एक वास बघून जा."

"कसला वास?"

"ते तूच सांग. तुला कळेल."

रविवारी दुपारी जेवण आटपून मोठी निघाली. चौकात ऊन असं, की डोळे मिटावेत. पण वस्तीच्या पहिल्या वळणावर ते सुरीनं कापल्यासारखं संपलं. वर फांद्यांत फांद्या गुंतलेल्या. रस्त्यावरचे दिवे भर दुपारी लागलेले. मुळांनी पदपथाच्या फरश्या उचलून वाकड्या केल्या होत्या आणि फटींतून काळपट पाणी झिरपत होतं. माणसांचा आवाज कुठेच नाही. पानं तेवढी एकेक करून पडायची, ओल्या फडक्यासारखी, थप्प.

आणखी एक गोष्ट तिच्या मुकादमाच्या नजरेनं टिपली. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. पांढऱ्या, एकेरी, प्रत्येक घरी एक. असल्या सावलीत कपडा चार दिवस वाळणार नाही हे कुणालाही कळेल. 'उन्हात टाकायचं सोडून...' ती पुटपुटली आणि पुढे गेली.

धाकटीनं दार उघडलं आणि मोठी उंबऱ्यातच थबकली.

वास गोडसर होता. फुलदाणीतलं आठवडाभर न बदललेलं पाणी, त्यात कुजलेला पाला, आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी काहीतरी... ते तिला ओळखीचं वाटलं, पण नाव आठवेना. घशाशी आंबट आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"येतोय ना?" धाकटीनं विचारलं.

"तुला नाही येत?"

"आधी यायचा. इतका, की घास उतरायचा नाही. दहा-बारा दिवसांपासून बंद झालाय." ती हसली. "म्हणून तर तुला बोलावलं. वास गेला की माझं नाक गेलं, ते कळेना."

घर मात्र लखलखीत होतं. फरशी पुसलेली, पुस्तकं रांगेत. मोठीनं मोरी पाहिली, नळाखाली हात घातला, कपाट सरकवून भिंत चाचपली. मेलेला उंदीर नाही, फुटका नळ नाही, बुरशी नाही. धाकटी मागे उभी होती, काहीतरी सांगू की नको अशी.

"बोल की."

"चादर खराब होते, ताई. सकाळी उठले की. माझी बाजू नाही, दुसरी बाजू. मला आधी वाटलं छत गळतंय. पण छत कोरडं. आणि खाली गादीही कोरडीच असते. नुसती चादर."

"दाखव."

धाकटीनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडताच मोठीनं तोंड फिरवलं. आत घड्या घातलेल्या सात चादरी होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात धाकटीच्या सुबक अक्षरात पेन्सिलीनं तारीख घातलेली, कचेरीतल्या नकाशांवर घालायची तशी.

"धुतल्या का नाहीस?"

"तुला दाखवायच्या होत्या. तू चादर वाचतेस ना."

मोठीनं पहिली घडी उलगडली. कापड कापडाला चिकटलं होतं. सुटताना जुन्या पट्टीसारखा चर्र आवाज झाला. बोटांना तेलकट, गार ओल लागली. ती तिनं साडीला पुसली, आणि पुसलेल्या जागेकडे तिला बघवेना. डाग पिवळट तपकिरी, कडेला गडद. आणि मग तिला तळाच्या त्या वासाचं नाव आठवलं.

असला डाग तिनं इतक्या वर्षांत चार-पाच वेळाच पाहिला होता. एकटं राहणारं म्हातारं माणूस अंथरुणात जातं, कुणाला पत्ता लागत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी दार फोडतात आणि चादरीसकट उचलून आणतात, तेव्हाचा. तो घामाचा नसतो, रक्ताचाही नसतो. माणूस आतून सुटायला लागलं की उतरतो तो.

"काय आहे गं?"

मोठीनं साती चादरी तारखेप्रमाणे फरशीवर एकापुढे एक अंथरल्या. पहिल्या चादरीवर डाग अगदी कडेला होता, उताणा, सरळ. टाचा, माकडहाड, खांदे, डोक्याची मागची बाजू, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या चादरीवर तो वीतभर आत आला होता. चौथीवर कूस बदललेली. पाचवीवर गुडघे दुमडलेले, धाकटीच्या बाजूकडे. सहावीवर मधली जागा उरलीच नव्हती.

सातवी कालची होती. तिच्यावर धाकटीची उशी जिथे असते त्याच्या बरोबर खालून एक लांब, अरुंद पट्टा गेला होता. कोपर, मनगट, आणि टोकाला पाच बोटं.

"तुझ्या मानेखाली..." मोठीनं त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "रात्री तुला काही कळत नाही?"

"झोप छान लागते, ताई." धाकटी खाली बघत म्हणाली. "इतकी छान मला कधीच लागली नव्हती. आई असताना लागायची, तशी."

ती जवळ आली आणि तिनं मोठीचा हात धरला. तिच्या केसांना तोच वास येत होता. मोठीनं हात झटकला. जिचं लहानपणी ढुंगण धुतलं, जिच्या ओकाऱ्या ओंजळीत झेलल्या, तिच्याच हाताची किळस यावी! लाजेनं तिला रडू कोसळलं, पण हात काही पुढे होईना.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई उभ्या होत्या. गुबगुबीत, हसऱ्या, हातात साबणाची वडी. फरशीवर अंथरलेल्या चादरींकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू पापड वाळत घातलेत.

"अगंबाई, साठवून ठेवल्यास होय? रोजच्या रोज धुवायच्या गं. गार पाण्यात भिजवायच्या, गरम पाण्यानं डाग बसतो."

"तुमच्याकडेही होतं हे?" मोठीनं विचारलं.

"इथे कुणाकडे होत नाही? घरं जुनी, झाडं जुनी." त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "त्रास काही नाही हो त्याचा. नुसतं टेकतं. सुरुवातीला नाकाला जाणवतं, मग सवय होते. माझे यजमान गेल्यावर मला तर उलट... सोबत झाली."

बाईंच्या मानेवर, केसांच्या खाली, कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी.

मोठी मोरीत गेली आणि दुपारचं सगळं जेवण तिथे पडलं.

अर्ध्या तासात तिनं धाकटीला घराबाहेर काढलं. धाकटी रडली, चिडली, "तुझा माझ्यावर कधी विश्वासच नव्हता" म्हणाली. मोठीनं ऐकलं नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, कागदपत्रांची पिशवी घेऊन तिला ओढत चौकातल्या उन्हात आणलं. घरी आल्यावर तिला तीनदा न्हाऊ घातलं. तिसऱ्या वेळी केसांतून फक्त साबणाचा वास आला, तेव्हा कुठे तिला छातीशी धरलं.

मोठीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. समोर मोकळं मैदान, एकही झाड नाही, सकाळपासून ऊन. धाकटीला तिनं आपल्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर झोपवलं. रोज सकाळी ती आधी चादर उचलून उजेडात धरायची. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ, दहाव्या दिवशीही. धाकटी जेवू लागली, कचेरीत जाऊ लागली, विनोद करू लागली. "ताई, इस्पितळाच्या चादरी कमी पडतात का, म्हणून माझी तपासतेस?" मोठी हसायची. वीस दिवस असेच गेले.

एकविसाव्या दिवशी सकाळी मालकीणबाईंचा फोन आला. आवाज तसाच, साखरेत घोळलेला.

"मुलगी बरी आहे ना? खोली अजून रिकामीच आहे. मी रोज पलंगावर चादर घालते, पण कोरडी निघते हो. म्हटलं, विचारावं... तुमच्याकडे पोचलं का?"

"नाही," मोठी म्हणाली. "आमच्याकडे काही नाही. चादरी स्वच्छ आहेत."

बाई सहज म्हणाल्या, "मग वाटेत असेल."

मोठीनं फोन ठेवला. धाकटी कचेरीत गेली होती. दाराची घंटा वाजली तशी मोठीनं दार उघडलं. दारात इमारतीचा जिना झाडणाऱ्या मावशी होत्या.

"ताई, तुम्ही इस्पितळात असता, तुमच्याकडे काही जालीम औषध असेल तर द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिन्याच्या वळणावर काहीतरी सांडलंय. परवा खालच्या वळणावर होतं. घासून घासून हात गेले, वास हटत नाही."

मोठी अनवाणीच खाली उतरली. खिडकीतून जिन्याच्या वळणावर लख्ख ऊन आलं होतं आणि त्या उन्हात फरशी ओली होती. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि वाचू लागली, नको असताना, सवयीनं. टाचा. दुमडलेले गुडघे. कंबर. खांदा, कुशीवर टेकलेला, दमून विसावलेल्या माणसाचा.

डोकं जिथे असायला हवं, तिथे डाग नव्हता. तिथे फरशी कोरडी होती. स्वच्छ, चौकोनी, चारही कोपरे नीट. रात्री तिथे कुणीतरी उशी आणून ठेवली होती, आणि सकाळ व्हायच्या आत उचलून नेली होती.