रिकाम्या पोर्टवरचं उत्तर

बदलापूरचं लोडशेडिंग आहे, लाइट काय इतक्यात येत नाही. मधू, तो मोबाईल खिशात घाल, तोंडावर उजेड मारू नकोस. सांगतो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या.

माझा कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या धंद्यातला पार्टनर राजरत्न, उल्हासनगरचा. भूतबित न मानणाऱ्या घरातला. दोन हजार आठचा जानेवारी, शेवटचा शुक्रवार. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीने त्याला संध्याकाळी बोलावलं. नवीन कॅमेरे लावल्यापासून ऑफिसचे कॉम्प्युटर रडत होते, कारण कॅमेऱ्यांचं चित्र गरज नसलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन आदळत होतं. म्हणजे स्विचमध्ये, सगळ्या कॉम्प्युटर-कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात त्या डब्यात, दोन कप्पे करायचे, त्याला व्हीलॅन म्हणतात. एक कॅमेऱ्यांचा, एक ऑफिसचा. गेटवरच्या केबिनचा पीसी ऑफिसच्या कप्प्यात, तरी चित्र तेवढं त्याला पोचलं पाहिजे. त्याची रीत अशी, की स्विच थोड्या थोड्या वेळाने विचारतो, कोण बघतंय? जो 'मी' म्हणेल त्यालाच चित्र. गप्प राहिला की बंद.

स्विचची खोली गोडाऊनच्या मागे. खिडकी नाही, नुसतं लोखंडी शटर. मागच्या नाल्याचा वास आणि मच्छर, म्हणून राजरत्नने शटर आतून खाली ओढलं. तिथेच माती खाल्ली. शुक्रवारी वॉचमन रामभाऊ फेरी मारतो आणि जे शटर खाली दिसेल त्याला कुलूप घालतो. यालाही घातलं. एसीच्या घरघरीत याला कळलंच नाही.

काम आटोपून निघाला तर शटर हलेना. मोबाईलला रेंज नाही. त्यात लाइट गेली, एसी बंद पडला. स्विच, कॅमेरे आणि केबिनचा पीसी तेवढे यूपीएसवर चालू. राजरत्नला दमा आणि त्याचा पंप गेटवर, बाईकच्या डिकीत. शटर बडवून हात सोलले, पण केबिन पार पुढे रस्त्याला.

खोलीत एक कॅमेरा होता. लॅपटॉपचा उजेड तोंडावर घेऊन तो त्याच्यासमोर हात हलवत राहिला, रामभाऊ बघेल म्हणून. कोणी येईना. मग स्विचमध्ये डोकावला आणि आपलीच चूक सापडली. विचारायचं काम स्विचला लावून द्यायचंच राहिलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून केबिनमधून 'मी' आलं नाही. रामभाऊसमोर काळा पडदा.

पण या खोलीचं चित्र स्विचच्या एका पोर्टवर, म्हणजे वायर खुपसायच्या एका खाचेत, जात होतं.

सगळ्यात शेवटच्या पोर्टवर. त्यात वायरच नव्हती.

वाकून बघितलं. बोट घालून बघितलं. रिकामा. वरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. कोणी विचारत नव्हतं... तरी तिथून उत्तर येत होतं. मी. मी. मी.

चूक दुरुस्त करायला गेला. स्विच काही घेईना. तो पोर्ट बंद करायला गेला. होईना. छातीत शिट्टी वाजायला लागली. मरणाची भीती वाटली रे त्याला. आपण इथेच संपणार...

मग केबिनची वायर तिच्या जागेवरून उपटली. त्याच पोर्टमध्ये खुपसली.

दिवा विझला.

...

पुन्हा लागला.

आणि बाहेर धावत्या पायांचा आवाज. कुलूप. रामभाऊ. केबिनच्या पडद्यावर चित्र आलं होतं. त्याने याला धरून गेटपर्यंत नेलं, पंप तोंडाला लावला. वाचला पोरगा.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. टेबलावर ठेवला. वायर लावलेली नाही, काही नाही. उघडला आणि तोंड फिरवलं.

"दादा, तुम्हीच बघा. मला परत बघवत नाही."

पडद्यावर तीच खोली, कोपऱ्यात तारीख आणि वेळ त्याच क्षणाची. शटर खाली. आत राजरत्न.

माझ्या शेजारी उभा होता रे तो. त्याचा श्वास ऐकू येत होता मला. आणि तिथे...

हात हलवत नव्हता आता. शटरला पाठ लावून, गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.