कमरेएवढी लिफ्ट

गडबला हायवे सोडून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नूतनने स्कूटी करकचून थांबवली, कारण नाल्यावर एक मोटार उभी होती. नाल्याच्या काठाला नव्हे, नाल्यावर! माडाचे दोन ओंडके आडवे टाकलेले, त्यांवर चार चाकं, आणि खाली कोरड्या नाल्यात... माणसाचं डोकं.

"ओ! मरायचंय का?" ती ओरडली.

डोकं वर आलं. कपाळावर काळं ऑइल, मिशीवर माती, आणि डोळे मात्र आत्ताच धुऊन ठेवल्यासारखे.

"आता नाय," तो म्हणाला. "सायलेन्सर बसवून झाला की बघू."

वैशाखाचं ऊन डोक्यात शिरत होतं. नूतन रोह्याहून पेणला एका बंगल्याच्या पार्किंगची मापं घ्यायला निघालेली, घोटभर पाणी प्यायला सावली शोधत आत वळली होती. वय सत्तावीस, राहणार वरसे, नोकरी रोह्याच्या एका दुकानात. दुकान गॅरेजची यंत्रं विकायचं आणि नूतन जागा बघून सांगायची, गाडी उचलायची कुठली लिफ्ट कुठे बसेल. तिला बघायला आलेले दोघे जण हे काम ऐकून चहा अर्धा टाकून उठले होते. गेले ते बरंच झालं. अर्धा चहा टाकणारा माणूस संसार तरी पुरा करणार होता का?

"ओंडका कुजलाय," ती म्हणाली. "या बाजूचा. टाचेने दाबून बघा."

"तुम्हीच दाबा. तुमच्या सँडलला टाच हाय."

"माझी सँडल तुमच्या जिवापेक्षा महाग आहे."

तो हसला. हसताना एका गालाला खळी पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हे नूतनच्या लक्षात आलं. अशा गोष्टी लक्षात यायला लागल्या की बाईने लगेच स्कूटीला किक मारावी. नूतनने मारली नाही.

त्याचं नाव साहिल. ती काय विकते हे कळल्यावर तो नाल्यातून बाहेर आला, हात रॉकेलने पुसले आणि म्हणाला, "आमच्या घरात बसंल काय हो एखादी? आय डोकं खातेय."

घर दहा पावलांवर. खाली गॅरेज, वर राहायचं. पायरीवर त्याची आई धोंडुबाई तांदूळ निवडत बसलेली. तिने पाणी दिलं, पण गॅरेजच्या आत पाऊल टाकलं नाही. साहिलही उंबऱ्याशीच उभा राहिला. नूतन एकटी आत गेली आणि तिने टेप सरळ वर सरकवला तर तो दहा फुटांतच छताला टेकला.

"गॅरेज असून एवढं ठेंगणं का बांधलं?"

"बांधलं व्हतं बरोबर," धोंडुबाई पायरीवरून बोलली. "पयल्या पुराला हातभर भराव टाकला, दुसऱ्या पुराला आणिक हातभर. जमीन वर आली, छत तिथंच रायलं. गरिबाचं घर असंच वाढतं गो, खालून."

नूतन हसली. म्हातारी हसली नाही. साहिल नाल्याकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "माजा थोरला, प्रवीण. तू उभी हायस ना, तिथंच गेला. जॅक सरकला. दोन वर्सं झाली. हा तवापासून त्या नाल्यात काम करतो. मृग लागला की नाला भरंल, मग हा आत येईल न् परत जॅक लावंल... मला दुसरं पोर नाय गो."

नूतनने टेप गुंडाळला. पाय उचलून बाजूला ठेवायचंही तिला सुचेना.

*

पेणच्या बंगल्याचं माप एका फेरीत झालं. गडबच्या गॅरेजला मात्र फेऱ्यांवर फेऱ्या. एकदा टेप विसरला म्हणून, एकदा मीटरचा लोड बघायचा राहिला म्हणून.

"आज काय विसरलात?" साहिल नाल्यातून विचारी.

"आज काही नाही. आज विसरायला आलेय."

"काय?"

"ते आठवलं की सांगीन."

तो खालून पाना मागायचा, ती वरून द्यायची. पाना देताना बोटाला बोट लागायचं. ऑइल लागलं म्हणून ती ओरडायची आणि घरी जाईपर्यंत पुसायची नाही. धोंडुबाई तिला जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढायची, न विचारता दुसरी भाकरी टाकायची. म्हाताऱ्या बायका आंधळ्या नसतात, फक्त बघत नाही असं दाखवतात.

मग एके दिवशी नूतनने ड्रिल आणलं. लिफ्टचे खांब जमिनीत बोल्टांनी धरतात, तेव्हा जमीन किती जाड आहे ते बघायला हवं. तीन बोटं कोबा लागला, मग भसकन मुरूम. आणखी जरा खाली गेली तर भोकात पाणी डोकावलं. तिने बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

खारट.

"घराखाली खाडी घेऊन बसलात," ती उंबऱ्यातल्या साहिलला म्हणाली. "इथे दोन खांबांची लिफ्ट नाही चालणार. बुटकी मिळते, छताखाली मावेलही... पण उधाणाला भराव भिजला की बोल्ट मुळ्यासारखे उपटतील. तुमच्याकडे एकच बसेल. सिझर लिफ्ट. गाडीच्या पोटाखाली चपटी पडून असते, कात्रीसारखी उघडते. वजन खालच्या लांब पट्ट्यांवर पसरतं. बोल्टांच्या भरवशावर नसते."

"वर किती उचलते?"

"कमरेएवढी."

"आणि मी?"

"तुम्ही चाकं लावलेल्या फळीवर आडवं व्हायचं न् खाली सरकायचं."

त्याच्या गालातली खळी गेली. "नको. मला उभं रावून काम करायचंय. ती खांबाचीच आणा."

"अहो, आत्ता काय सांगितलं मी?"

"ऐकलं. खांबाचीच."

नूतनच्या जिभेला हाड नव्हतं, आणि राग आला की लगामही नसे. "जगातले मिस्त्री आडवे होतात. तुमच्याच अंगाला माती लागते का? गॅरेजवाला आहात की घरजावई?"

गॅरेजच्या मधोमध, त्या जागेवर, साहिलची नजर एकदा गेली आणि परत आली. चेहरा राखेसारखा झाला.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "लिफ्टचं मी तुमच्या मालकाशी बोलतो."

*

मालकाशी तो खरंच बोलला. मालकाला काय, गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं. "बुटकी दोन खांबी चढवा सोमवारी टेम्पोत, गडबला," असं त्याने नूतनच्या देखत सांगितलं.

"खाली पाणी आहे तिथे," नूतन म्हणाली.

"मग जरा लांब बोल्ट मारू. तू कशाला जीव टाकतेस? तुझा कोण लागतो तो?"

कोण लागतो... हा प्रश्न रोह्यापासून गडबपर्यंत तिच्या मागे स्कूटीवर बसून आला.

आभाळ भरून आलेलं. नाल्याच्या तळाला कुठून तरी पाणी झिरपायला लागलं होतं. साहिल पोटरीभर चिखलात उभा राहून एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवत होता. नूतनने सँडल काठावर काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ नाल्यात उतरली. गाडीखाली, त्याच्यासमोर. दोघांच्या डोक्यांवर ती लोखंडी पोट घेऊन मोटार टांगलेली.

"चढा वर. ओंडका कुजलाय, तुम्हीच सांगितलंत," साहिल म्हणाला.

"सांगितलं होतं. मग मी इथे का उभी आहे ते विचारा."

त्याने पाना खाली केला.

"त्या दिवशी मी बोलले ते चुकलं," ती म्हणाली. "का चुकलं ते मात्र मला अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तर कळेल."

तो पान्यावरची माती नखाने काढू लागला.

"जॅक सरकला तवा मी भायेर व्हतो," तो म्हणाला. "गाडी उचलायला माणसं येईस्तवर मी आत सरकलो. दादाच्या बाजूला. तोंडाला तोंड. तो बोलत व्हता नूतन... आयला सांग जेवण झाकून ठेव, असं. मग भातलावणीचं काय तरी बोलला. मग गप झाला. मी हाक मारत रायलो. माणसं आली, बांबू घातले, गाडी उचलली... मला वढून काढलं, तवा कळलं." त्याने वर, गाडीच्या पोटाकडे पाहिलं. "आडवा झालो न् वर लोखंड दिसलं की माजा श्वास बंद होतो. आयला ठाव नाय. तिला वाटतं मला नाल्यात गार वाटतं."

पावसाचे चार थेंब पत्र्यावर वाजावेत तसे बोनेटवर वाजले. नूतनचे डोळे भरले होते.

"मग खांब लावा," ती म्हणाली. "उभे राहा खाली. पहिल्या उधाणाला बोल्ट सुटतील. तेव्हा बाजूला सरकून कोण येणार? कोण हाका मारणार? मी?"

"तू कशाला..."

"मीच. दुसरं कोण आहे? मी पायरीवर तांदूळ निवडत बसणाऱ्यातली नाही साहिल. मी आत येईन. आणि मला जन्मभर तुझ्यासारखं नाल्यात राहायचं नाहीये."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या गालावर ऑइलचा डाग होता, तो पुसायला त्याने हात उचलला आणि हातच काळा आहे हे दिसल्यावर तसाच मागे घेतला.

"पूस," नूतन म्हणाली. "आणखी काळं होईल, एवढंच ना?"

*

मृगाच्या आधी सिझर लिफ्ट आली; साहिलनेच मालकाला सांगून बदलून घेतली. माणसं बसवून गेली. तिच्यावर पहिली गाडी चढली ती साहिलचीच, जुनी, जिचं तेल कधी बदललं नव्हतं. नूतनने बटण दाबलं. लिफ्ट कण्हत उघडली, गाडी कमरेएवढी वर आली, आणि खटका पडला.

"हा खटका ऐकलास? तेल गेलं, वीज गेली, तरी हा धरून ठेवतो."

"जॅकपन धरून ठेवणार व्हता," साहिल उंबऱ्यातून म्हणाला.

नूतनने गोणपाट अंथरलं, तेल धरायला घमेलं सरकवलं, आणि गाडीखाली जाऊन आडवी झाली.

पावलं आली. थांबली. परत गेली. परत आली. मग गुडघे दिसले, मग हात, आणि शेवटी तो तिच्या शेजारी आडवा झाला. अंग हिवताप भरल्यासारखं थडथडत होतं. डोळे मिटलेले. त्याने तिचा हात असा धरला की बांगडी वाकली.

"बोल," तो कसाबसा म्हणाला. "गप नको राहू. गप नको..."

"बोलते की. माझं तोंड कधी बंद असतं?" नूतन म्हणाली. "ऐक. माझ्या आईला जवळा चालत नाही, वास येतो म्हणते. तू मागणी घालायला येशील तेव्हा जवळा खाऊन येऊ नकोस."

"मी... मागणी?"

"मग काय मी वरात घेऊन येऊ? आणि बाबा विचारतील, मुलगा काय करतो. गॅरेज आहे म्हण. नाल्याचं नाव काढू नकोस. आणि लग्नात केस कापून ये, त्यात ग्रीस आहे. आणि मला भाकरी थापता येत नाही, तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव, मागाहून तोंड वाकडं नको. डोळे उघड."

"नाय."

"बरं, नको उघडू. पाना तुझ्या उजव्या हाताला आहे. तेलाच्या टाकीचा नट हाताने चाचपून सापडेल, तुला सवय आहे. आणि मुलगी झाली तर मी तिला शाळेत घालीन, गॅरेजात नाही. मुलगा झाला तरी..."

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. पाना लोखंडावर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला. नट कुरकुरला, फिरला आणि सुटून त्याच्या मुठीत आला; तेलाची काळी धार घमेल्यात पडली.

तो धडपडत बाहेर सरकला, धावत नाल्याच्या काठाशी गेला आणि ओकला. नूतन मागोमाग गेली. पाठीवर हात ठेवून उभी राहिली. धोंडुबाई तांब्या घेऊन आली, पोराचं तोंड धुतलं, नूतनकडे पाहिलं, आणि एक अक्षर न विचारता वर चूल पेटवायला गेली.

मुठीतला नट त्याने सोडला नव्हता.

"एकच निघाला," तो मान खाली घालून म्हणाला.

"दिसलं मला."

"अशानं धंदा कसा व्हायचा?"

"उद्या दोन काढ," नूतन म्हणाली, आणि ओढणीने त्याचं कपाळ पुसलं.