बिनकोळशाची शेगडी

मुरुडहून साळावच्या धक्क्यापर्यंत हिरामणची मोटार दिवसाला दोन खेपा करी. सकाळी सातला सुटायची, खाडी ओलांडणाऱ्या तरीवरचे उतारू घेऊन बाराच्या आत परत. मग दुपारी तीनला पुन्हा. संस्थान विलीन झालं तेव्हा कुणा बड्या अंमलदाराने काढून टाकलेली ही छत्तीस सालची गाडी. आता सत्तावन्न साल सरत आलं, तरी हिरामण तिला नवीच म्हणायचा.

बाकी बाबतीत त्याची नजर चोख. कोण दार आपटतो, कोण टोपलीत सुकट लपवून कापड आहे म्हणतो, बोर्लीची राही मासळीवाली किती मैल गप्प बसू शकते (दीड), सगळं त्याच्या मनात टिपलेलं असे. गाडी कुठेही सोडून जायची झाली की चावी तर तो काढायचाच, शिवाय बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरमधला अंगठ्याएवढा रोटर खिशात टाकायचा. तो नसला की ठिणगीच पडत नाही, गाडी सुरूच होत नाही. माणसांवर त्याचा विश्वास होता, पण रोटर खिशात असताना.

गाडीचं एकच दुखणं होतं, मॅनिफोल्ड. इंजिनाच्या कुशीला बसून सगळा धूर गोळा करून मागच्या नळीत ढकलणारा हा बिडाचा पंजा तिसऱ्या बोटाशी तडकला होता. धूर थेट पुढच्या बाकाखाली यायचा. उतारू खोकत खोकत उतरून जात, त्यांचं काही नाही. पण हिरामणची बायको कमळ, सहा महिन्यांची पोटुशी, बोर्लीला माहेरी जाताना दोनदा भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हा धूर नुसता वासाचा नाही, बंद जागेत माणूस झोपेतच जातो.

मुरुडच्या दाऊद मिस्त्रीने तीन वाटा सांगितल्या. जुन्यालाच वेल्डिंग मारायचं, पण बीड ते धरत नाही, महिन्यात परत फाटेल. तसलाच दुसरा जुना बसवायचा, तोही फाटण्याच्याच वयाचा. नाहीतर हा, म्हणत त्याने गोणपाटातून मुंबईच्या भंगारातला एक मॅनिफोल्ड काढला. पुढच्या मॉडेलचा, जाड, रुंद गळ्याचा. इंजिनाला दम मोकळा लागेल, काशीदचा चढ हसत चढशील, म्हणाला.

हिरामणने आत बोट फिरवलं. बोट कोरं बाहेर आलं.

"वापरलेला ना हा? मग काजळी कुठाय?"

दाऊदनेही बोट घालून पाहिलं. "धुतला असेल कुणी," तो म्हणाला. बोटाला काही लागलं नव्हतं, तरी त्याने ते लेंग्याला पुसलं.

जुन्याचे गंजके नट दिवसभर रॉकेल पाजून सोडवावे लागले. एक स्टड तुटलाच. नव्याचं एक भोक कानशीने वाढवलं, सांध्यात धूर अडवणारं गॅसकेट घातलं आणि दाऊदने नट मधून कडेला असे आळीपाळीने आवळले. गाडी सुरू झाली आणि दोघेही कान देऊन उभे राहिले. फटफट नाही, धूर नाही. जुना मॅनिफोल्ड कमळच्या भावाने, धर्माने, होडीला नांगर म्हणून मागून नेला.

पहिली गोष्ट घडली ती डब्याची. या रस्त्याच्या ड्रायव्हरांची शेगडी म्हणजे मॅनिफोल्ड. मुरुडला भाकरी आणि बोंबलाचा डबा त्यावर तारेने बांधायचा, साळावला खरपूस झालेला सोडायचा. नव्या मॅनिफोल्डवरचा डबा साळावला उघडला तर भाकरी गार. रुंद गळा आहे, ऊब लवकर निघून जात असेल, असं हिरामणने स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी भाकरी गार तर होतीच, वर ओलीही होती.

मग त्याने सतरा मैल गाडी पळवून बॉनेट उघडलं. इंजिनावर थुंकला, थुंकी चर्र झाली. मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर हात धरला. मग बोट टेकवलं. मग सगळा तळवा. बर्फातल्या पापलेटाला लावावा तसा. लोखंडावर दवाचे थेंब जमले होते. न राहवून त्याने बोट जिभेला लावलं. थेंब खारट होते.

दाऊदला सांगितलं तर तो म्हणाला, "तापत असता तर तक्रार समजलो असतो. तापत नाही म्हणून कोण रडतं?" बोलता बोलता तो गाडीपासून दोन पावलं मागे सरकला होता. हिरामणने तेही टिपून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात धर्मा भेटला. म्हणाला, दाजी, तुमचा नांगर लई गुणाचा हाय. दोरी करपवतो आणि आजूबाजूची कोळंबी शिजवून वर धाडतो. धर्माच्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं, ही हिरामणची जुनी रीत. त्याने उरलेलं निम्मंही वजा केलं आणि हसला.

कमळ बाळंतपणाला बोर्लीला गेली. थंडीत मुलगी झाली. सुवेर फिटेपर्यंत बापाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून हिरामण जाता-येता वळणावर भोंगा वाजवी आणि सासू, ठमाबाई, अंगणातून हात वर करी. हात वर झाला की सगळं बरं आहे. असे आठ दिवस झाले.

नवव्या दिवशी तीनच्या खेपेला सहा उतारू होते. राही काशीदला चढून पुढे, शेजारी बसली. काशीद मागे पडलं, तिचा दीड मैल संपला.

"तुझा मेव्हणा लई हुशार निगाला रं," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवल्याय. बिनकोळशाची."

कसली, म्हणून हिरामणने सहज विचारलं.

"तुझंच लोखंड न्हाय का, नांगराचं. आपसूक तापतंय. निखारा नको, राख नको. ठमाबाई समद्या गावाला दावते."

हिरामणचे हात चाकावर घट्ट झाले. "कधी तापतं?"

"सकाळी सातला. मधी जरा निवतं, मग बारापातुर ऊब. दुपारी थंड. तीनला परत." राही हसली. "घड्याळच म्हन की."

त्याला घड्याळ बघायची गरज नव्हती.

राही बोलतच होती. खोलीला वारा नको म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलंय. कमळचं डोकं दुखतं, पण बाळंतिणीचं दुखायचंच. पोर मात्र गुणी, नुसती झोपून असते. कालपासून दूधसुद्धा मागत नाही.

हिरामणने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अशी उसळली की मागच्यांची गाठोडी पडली. कधी नव्हे इतकी सुरेख पळत होती.

"जपून रं," राही म्हणाली. "शुक्रवारी तू अशीच हाकलली होतीस न्हाय का, खाडीवरली तर चुकंल म्हणून? त्या दिवशी तर बाजेचा काथ्या करपला."

त्याचा पाय पेडलवर होता.

त्याने तो उचलला.

ब्रेक लावून चावी फिरवली, गाडी बंद झाली. समुद्राचा आवाज आत आला. हिरामण उतरला, चावी काढली, बॉनेट उघडून रोटर काढला. हात सवयीने चालत होते, तो स्वतः कुठेतरी पुढेच पळत होता. ट्रंकवाले एक कारकून काय झालं म्हणून विचारत राहिले. तो धावत सुटला.

बोर्ली दोन मैल होती.

छातीत भाता फुटेल असं झालं तेव्हा तो एकच गोष्ट घोकत होता. गाडी बंद आहे. गाडी बंद आहे.

अंगणात ठमाबाई बोंबील उलटत होती. "जावई, आत नगा जाऊ, सुवेर हाय," म्हणत ती उठली. त्याने दाराला खांदा लावला.

वास आला. त्याच्या स्वतःच्या गाडीचा जुना वास, फटीतून पुढच्या बाकाखाली यायचा तो. खोलीत चूल नव्हती, दिवा नव्हता.

कमळ कुशीवर झोपली होती. गाल लाल, ओठ लाल. झोपेत हसत होती.

त्याने तिला ओढत बाहेर आणलं. मग पोर. पोर चिंधीसारखी सैल होती. त्याने तिला उन्हात उघडी धरली. पाठीवर चापट मारली. पुन्हा मारली.

ती शिंकली. मग रडली.

कितीतरी वेळाने माणसं माणसांसारखी बोलू लागली. कमळने अंगणातच दोनदा ओकून पाणी मागितलं. धर्माने खाली मान घालून ते लोखंड गळाने ओढून अंगणाच्या कडेला टाकलं. तिसऱ्या बोटाशी तडा तसाच होता. बराच वेळ ते निवताना टिकटिक करत होतं, मग तेही थांबलं. हिरामणने हात लावून पाहिला. थंड. घरची तांबडी कोंबडी त्यावर चढून पिसं फुगवून बसली. ठमाबाई तिला हाकलायला गेली, तर हिरामण म्हणाला, बसू दे.

सांज व्हायला अजून वेळ होता. रस्त्याने उतारू चालत येताना दिसले. डोक्यावर टोपली घेऊन पुढे राही, मागे ट्रंक वाहणारे कारकून, सगळ्यांच्या तोंडी हिरामणच्या नावाने काहीबाही. अंगणात आल्यावर पोरीला पाहून राहीने टोपली उतरवली, कारकुनांनी ट्रंक खाली ठेवली. हिरामणने सवयीने मोजले. सहा. सगळे आले होते.

"गाडी कुठं ठिवली?" कमळने विचारलं. आवाज अजून जड होता.

"रस्त्यात. बंद करून." तिची खात्री पटावी म्हणून त्याने कनवटीची चावी दाखवली. मग खिशातला रोटर काढून तळहातावर ठेवला.

कमळने मान हलवली आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोर चुटूचुटू पिऊ लागली. तेवढाच आवाज होता.

अंगणाच्या कडेला कोंबडीने चटका बसल्यासारखा एक पाय उचलला. तो ठेवून दुसरा उचलला. मग फडफडत ती लोखंडावरून खाली उतरली.