गढीच्या दरवाज्यातला दगड

पिशोरच्या डोंगरातल्या त्या पडक्या गढीत मेघाला एकच नाव वाचायचं होतं. वेढा पडला तेव्हा गढीचा देशमुख चोरवाटेने पसार झाला आणि दरवाजा मात्र मेघाच्या पूर्वजाने मरेपर्यंत लढवला, असं घरात सांगत आले होते. त्याचं नाव दरवाज्यातल्या दगडावर कोरलंय म्हणे! शहरात, छावणी भागातल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना, कडुबांना, डोळे मिटायच्या आत ते नाव ऐकायचं होतं. पळालेल्याचं नाव गढीला आणि लढलेल्याचं कुठेच नाही! मेघाला याचा मनस्वी राग होता.

वाट दाखवायला होती शेळ्या राखणारी दगडाबाई. घाणेरीच्या जाळ्यांनी दोघींना ओरबाडून काढलं. तटाखालच्या घसाऱ्यावर मेघाचा पाय सटकला, दगडाबाईने दंड धरला म्हणून निभावलं. दरवाज्यात पोचल्यावर मेघाने दगडावरून हात फिरवला. दगडावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर! एक अक्षर दिसेल तर शपथ.

"खरडू का, मावशी?" मेघाने पिशवीतून छिन्नी काढली.

दगडाबाईने दगडाला हात जोडले. "आमचा देव हाय त्यो. पर तुझा बाप लई आजारी, व्हय ना? थांब. आधी ऊद दाखविते, मग खरड."

देवाला हात लावायचा तर ऊद हवाच! तिने देवापुढची गोवरी पेटवून तिच्यावर ऊद टाकला. धूर सरळ वर गेला. वर कमानीला आग्या मोहोळ लटकलं होतं आणि दगडापुढे वाकलेल्या दोघींनी ते पाहिलंच नव्हतं.

मोहोळ उठलं!

"खाली बस!" दगडाबाईने आपली घोंगडी मेघावर फेकली आणि स्वतः पळत सुटली. मेघा दगडाला बिलगली. हातातली छिन्नी दगडावर आपटली. शेंदराचा पापुद्रा निखळला. खाली रेघा होत्या. अक्षरं! अजून दोन-चार घाव, बस्स!

बाहेर दगडाबाई किंचाळली. मग तिचा आवाजच येईना.

मेघाने छिन्नी टाकली. धावली. माश्या तोंडाला डसल्या, एक डोळा मिटला. पडलेल्या दगडाबाईला तिने घोंगडीत ओढलं. घसाऱ्यावरून दोघी गडगडतच ओढ्यात गेल्या आणि ओल्या घोंगडीखाली श्वास धरून बसल्या. माश्या पांगल्या तेव्हा दगडाबाईला धड उभंही राहता येत नव्हतं. मेघाने तिला पाठीवर घेतलं. गढीकडे तिने एकदा पाहिलं, पण वळली नाही.

पिशोरच्या दवाखान्यातून तिने घरी फोन लावला.

"सापडलं का गं?" कडुबांचा आवाज अगदी खोल गेला होता.

"दगड सापडला, बाबा. नाव नाय वाचता आलं." तिला रडूच फुटलं. "माश्या उठल्या..."

"अन् संगतीची बाई?"

"हाय. आत्ताच शुद्धीवर आली."

"तिला टाकून आली नायस ना?"

"नाय, बाबा."

पलीकडे कडुबांना खोकल्याची उबळ आली.

"मग राहू दे त्याचं नाव. तू ये घरी."