डाव्या कोपऱ्यातलं पाणी

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी थोरलीने टाकीत चिमूटभर कोरडं खाद्य सोडलं आणि हातातलं स्टॉपवॉच सुरू केलं.

टाकी चार फूट लांब, साडेतीनशे लिटरची, खाऱ्या पाण्याची. आत खडक, प्रवाळ, सहा मासे आणि लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी. टाकी तिच्या वडिलांची. बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात काढली होती आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षं या काचेसमोर. टाकीच्या डाव्या अंगाला त्यांची वेताची खुर्ची होती, खुर्चीपलीकडे घराचं दार, दाराबाहेर जिना. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर हे एकच घर. जिन्याला खिडकी नव्हती. कोणाची चाहूल लागली की आपोआप दिवा लागायचा आणि हालचाल थांबली की तीस सेकंदांत विझायचा. बाबा दम खायला मध्येच थांबले की काळोख होई, मग ते हात हलवून तो पुन्हा लावत.

दोन महिन्यांत टाकीची रया गेली होती. खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ, वाळूवर लालसर चिकट थर. बाबांनी बोटाच्या पेराएवढं असल्यापासून वाढवलेलं, मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ एका कडेने पांढरं पडत चाललं होतं. धाकटी, म्हणजे थोरलीची बहीण, गेल्या खेपेला आली आणि टाकी पाहून स्वयंपाकघरात जाऊन बोलली, "हात थरथरतात म्हणून यांना काच पुसता येत नाही. उद्या गॅस बंद करता येणार नाही. ताई, तू शेजारच्या भागात राहतेस, रोज बघतेस, म्हणून तुला दिसत नाही." बरंच भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं: आजपासून आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी दुपारी चारला धाकटी गाडी घेऊन येणार. टाकी सुधारली असेल तर बाबा इथेच राहतील. नसेल तर ती त्यांना आपल्या गावी नेणार.

बाबांना घर सोडायचं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "तिकडे मी कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसेन."

थोरली पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता होती. पाणी या विषयात तिला कोणी शिकवलेलं तिला खपत नसे. तरी तिने मासेवाल्याला बोलावून घेतलं होतं. खाऱ्या पाण्याचं सामान विकणारा तो गावात एकटाच, म्हणून बाबा त्याला समुद्रशेठ म्हणायचे. शेठने पाणी तपासलं, पंप हातात घेऊन त्यांची पाती पाहिली.

"पाण्यात दोष नाही, ताई. पाणी फिरत नाही. पात्यांवर चुना बसलाय. जिथे पाणी थांबतं तिथे घाण बसते, घाणीवर शेवाळ. पंप व्हिनेगरमध्ये बुडवा, खडक मागच्या काचेपासून चार बोटं पुढे घ्या आणि दोन्ही पंप समोरासमोर लावा. मधे लाट फुटली पाहिजे."

"किती पाणी फिरायला हवं? तासाला?"

"टाकीच्या वीस-पंचवीस पट."

"म्हणजे आठ हजार लिटर."

"हिशेब तुम्ही करा, मी आपला मासे बघून सांगतो," शेठ म्हणाला. बाबा खुर्चीतून खो खो हसले.

पंप स्वच्छ झाले, खडक पुढे आले आणि आता रविवारी ती खाद्याच्या कणांवरून पाण्याचा वेग मोजत होती. उजवीकडून निघालेला कण आठ सेकंदांत मध्यावर, सतरा सेकंदांत परत. ठीक. फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात, प्रवाळाच्या पाठीमागे, कण गेले आणि थांबले.

तिने वहीत लिहिलं: 'डावा कोपरा, प्रवाह शून्य.' मग पुन्हा पाहिलं. प्रवाह शून्य असेल तर कण तळाशी बसायला हवेत. हे बसत नव्हते. पाव तास झाला तरी जागच्या जागी होते, काचेत अडकलेल्या बुडबुड्यांसारखे.

"बाबा, या कोपऱ्यात आधीपासून असंच आहे?"

"आहे ना. मी तिकडे कधी पाणी मारत नाही."

"का?"

"मारलं की इथे खुर्चीत पंख्याचा वारा लागेनासा होतो." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "म्हातारपण आहे, साहेब. काहीही वाटतं."

तिला ते 'साहेब'च म्हणायचे, ती पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हापासून.

दुपारी पिवळा गोबी मासा कोपऱ्यात गेला. दिवसभर टाकीत गस्त घालायचा म्हणून बाबांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. तो गेला आणि कल्ले उघडलेले, शेपूट वळलेली, असा थांबला. संध्याकाळपर्यंत तसाच होता.

"मेला बिचारा," बाबा म्हणाले.

"मेलेला मासा एक तर वर येतो, नाही तर खाली जातो."

"मग झोपला असेल. हवालदारच तो."

आठवडाभर ती बाबांकडेच मुक्कामाला होती; सोमवारी तिने रजा टाकली. सकाळी कोळंबी खडकाच्या मागून फिरताना तिच्या मिशा कोपऱ्यात शिरल्या. थोरलीने काचेवर टिचकी मारली. कोळंबी दचकून मागे उसळली आणि तिच्या दोन्ही मिशा तुटल्या. ती प्रवाळाखाली पळाली. मिशा पाण्यात मागेच राहिल्या, ताणलेल्या, किंचित वाकलेल्या, कोणाच्याही नसलेल्या.

थोरली बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग ती आपल्या धंद्याच्या रीतीने वागली. जलवाहिनीच्या बंद टोकाला पाणी साचून कुजतं तेव्हा ते हलवत बसायचं नसतं. मागून जोर द्यायचा, टोक उघडायचं आणि सगळं बाहेर ढकलायचं. हे ती वीस वर्षं करत आली होती. शेठचं 'समोरासमोर' तिने बाजूला ठेवलं, दोन्ही पंप उजव्या काचेवर लावले, तोंडं डावीकडे केली आणि बटण पूर्ण फिरवलं.

तिसऱ्या प्रहरी कोपऱ्यातले कण सुटले. हवालदारने शेपूट पूर्ण वळवली, वर येऊन दोन घास खाल्ले आणि गस्तीला लागला. त्याचं पोट कालच्याइतकंच भरलेलं होतं. स्तब्ध जागा आता डाव्या काचेला चिकटून होती, वीतभर रुंद. तुटलेल्या मिशा वाहत जाऊन गाळणीत अडकल्या.

"पाणी बघ कसं खेळतंय!" बाबा म्हणाले. ते खरंच उठून उभे राहिले होते.

मंगळवारी कामावर जाण्याआधी तिने पाहिलं. काचेलाही आता काही नव्हतं, सगळीकडे कण धावत होते. सव्वानऊला तिने बाबांच्या हातात चहा दिला, ते खुर्चीत बसले, ती निघाली.

संध्याकाळी साडेसहाला ती परतली. बाबा खुर्चीत होते. कप ओठांपासून दोन बोटं लांब. चहाची वाफ वर गेलेली आणि वळून थांबलेली.

तिने हाक मारली. मग हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला कोळंबी आठवली.

तिने खाद्याची बाटली आणली, लांब उभं राहून चिमूट फेकली. काही कण जमिनीवर पडले. काही बाबांच्या खांद्याभोवती, कानाजवळ, कपाच्या वर हवेत राहिले. कण कुठे पडतात आणि कुठे राहतात ते पाहत तिने जमिनीवर खडूने रेघ आखली. रेघ खुर्चीच्या चारी पायांना वळसा घालून टाकीच्या काचेला मिळाली. कामावरचं, लांबून तापमान मोजायचं यंत्र तिने कपावर रोखलं. एकसष्ट अंश.

बुधवारी पुन्हा एकसष्ट.

डॉक्टरला बोलवावं असं तिला दर तासाला वाटलं. डॉक्टर पहिल्यांदा काय करील तेही तिला दिसत होतं. तो मनगट धरील आणि ओढील.

पंप बंद करून तिने पाहिलं. जागा मागे सरली नाही, तर चहूकडे पसरू लागली. चार मिनिटांत रेघेबाहेर हातभर आली आणि पडद्यावरची माशी उडता उडता राहिली. तिने पंप घाईने सुरू केले तेव्हा कडा परत रेघेवर आली आणि माशी सुटली. म्हणजे थांबवून चालणार नव्हतं. हवालदार सुटला होता तो जागा पुढे गेल्यामुळे. तिला आणखी पुढे ढकलायला हवं होतं.

"तिसरा पंप हवाय," तिने शेठला फोन केला. "मिळेल तो सगळ्यात मोठा."

"साडेतीनशे लिटरला? ताई, मासे उलट्या करतील!"

"आणा तुम्ही."

"शनिवारशिवाय नाही येत. बाबा काय म्हणतात?"

"बसलेत," ती म्हणाली.

धाकटीचा गुरुवारी फोन आला. बाबांना दे म्हणाली. थोरलीने ते झोपलेत असं सांगितलं. शुक्रवारीही तेच सांगितलं.

"दोन्ही दिवस सकाळी अकरा वाजता झोपलेत? ताई, माझ्यापासून काय लपवतेयस?"

"टाकी साफ होतेय. रविवारी ये, बघ."

"बघतेच," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

टाकी खरोखरच साफ होत होती. लाल थर सुटून गेला, खडकांवरचं हिरवं आखूड झालं, प्रवाळाच्या पांढऱ्या कडेवर मांसल, तपकिरी वळी पुन्हा फुगू लागली. बाबांची मान त्याच दिशेला होती. त्यातलं त्यांना काय दिसत होतं, देव जाणे.

शनिवारी सकाळी शेठ पंप खाली दुकानाच्या गाडीतूनच देऊन गेला. दहाला थोरलीने तो लावला आणि बटण हळूहळू फिरवलं. टाकीत तुफान उठलं. मासे खडकांच्या आडोशाला गेले. खुर्चीजवळ हवेत थांबलेले कण एकेक करून फरशीवर पडू लागले, आधी टाकीकडचे, मग कपावरचे, मग खांद्यावरचे.

साडेदहाला बाबांनी चहाचा घोट घेतला.

"साखर विसरलीस, साहेब."

ती खुर्चीच्या हातावर बसली आणि त्यांचं मनगट धरलं. ते नेहमीसारखं थरथरत होतं.

"कामावर नाही गेलीस?" मग त्यांची नजर टाकीवर गेली. "अगं! हे एवढं कधी केलंस? आत्ता तर..." त्यांनी कप खाली ठेवला. "अंगावर हे काय सांडलंय? माशांचं खाणं?"

"नंतर सांगते. उठा. इकडे खिडकीशी बसा."

ती दाराकडे गेली. चपलांच्या मांडणीजवळ चिमूट फेकली. कण उंबऱ्याच्या वर हवेत राहिले. जागा आता दारात होती. दारात राहू देऊन चालणार नव्हतं. दाराबाहेर जिना, जिन्यात वर येणारं दुसरं कोणी नाही, शेठ येऊन गेलेला, धाकटी उद्या चारला. उद्या चारपर्यंत ती जागा जिन्याने खाली आणि इमारतीबाहेर नेता येईल, असा तिने अंदाज केला. तिने परत येऊन पंपाचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं.

अकरा पस्तीसला उंबऱ्यावरचे कण पडले.

टोक उघडण्याआधी ते कुठे उघडतं ते जाऊन बघायचं, पलीकडे माणूस नाही याची खात्री करायची. हाताखालच्या प्रत्येक फिटरला तिने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

अकरा बेचाळीसला जिन्यातून आवाज आला, "बाबा! दार उघ"

तेवढाच.

"धाकटी ना ती?" बाबा खिडकीशी बसल्या बसल्या वळले. "आज कशी आली? रविवारी यायची होती ना?"

थोरली दाराशी गेली. कडीवर हात ठेवला आणि काढला. दाराच्या भिंगाला डोळा लावला.

जिन्यातला दिवा लागलेला होता. धाकटी वरून दुसऱ्या पायरीवर होती, तोंड उघडं, खांद्यावरची पिशवी पुढे झोकलेली, केसांची एक बट बाजूला उडालेली. डावा पाय वरच्या पायरीच्या वर, टेकायला दोन बोटं कमी.

"कोण आहे गं?"

"कोणी नाही, बाबा."

पंप शेवटच्या आकड्यावरच होता. त्यापुढे बटण फिरत नव्हतं. तिने शेठला फोन लावला. यापेक्षा मोठा पंप घरच्या टाकीसाठी कोणी बनवत नाही, असं तो म्हणाला.

बाबांनी दुपारी आपली वही काढली आणि थरथरत्या अक्षरात रोजची नोंद केली: तापमान पंचवीस, खारटपणा ठीक, शेवाळ नाही. तारीख त्यांनी मंगळवारची घातली. मग धाकटीसाठी एक कप मांडून ठेवला. येईल तेव्हा तिला टाकी दाखवायची होती.

आता रविवारचे चार वाजून गेले आहेत. थोरली दर पंधरा मिनिटांनी भिंगातून पाहते. जिन्यातला दिवा काल अकरा बेचाळीसला लागला. तो अजून विझलेला नाही.